आबांचं टाइप ७७

मंडळी, गेले दोन महिने आमच्या डायनिंग टेबलाच्या अर्ध्या भागावर जुनं वर्तमानपत्र पसरलेलं आहे. त्यावर कटर, चिमटा, कानस, पॉलिश पेपरचे तुकडे आणि रंगाच्या इवल्याशा बाटल्या. उरलेल्या अर्ध्या भागावर आम्ही चौघं कोपर अंगाशी घेऊन जेवतो. कोणी वरण वाढायला हात लांब केला की लेक ओरडते, "अगं आई, पंख वाळतोय!"

हे सगळं सुरू झालं गेल्या नोव्हेंबरात. छत्तीसगड राज्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून राज्योत्सवात इथे नवा रायपूरच्या सेंध तलावावर हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाच्या कसरती झाल्या. तुमच्यापैकी रायपूर-भिलाईकडचे बरेच जण त्या गर्दीत असतील. लाल-पांढरी नऊ विमानं डोक्यावरून गेली तेव्हा माझी सातवीतली लेक माझा हात धरून उभी होती. घरी येताना गाडीत गप्प होती. रात्री झोपताना म्हणाली, "आई, आबा विमानं करायचे ना? मग आपणपण एक करू या. छोटं."

आबा म्हणजे माझे वडील. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तो मिग-२१ बांधण्यासाठी. बाबा १९६९ मध्ये आयटीआय करून तिथे फिटर म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. माझं सगळं बालपण ओझर टाउनशिपमध्ये गेलं. आमच्याकडे विमानाचा आवाज आला तर कोणी वर बघत नसे.

आता एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये मिग-२१ ला शेवटचा निरोप देण्यात आला. बाबा नाशिकच्या घरी टीव्हीसमोर सकाळपासून बसले होते. कुठल्याशा वाहिनीवरच्या निवेदकाने "उडती शवपेटी" असा शब्द वापरला, आणि बाबांनी उठून टीव्ही बंद केला. आईने फोनवर सांगितलं, "दुपारी जेवले नाहीत." मी फोन केला तेव्हा हवापाण्याबद्दल बोलले.

म्हणून लेक म्हणाली "आपण एक विमान करू", तेव्हा मला वाटलं, हे बाबांसाठी बरं होईल. इतकं सोपं नव्हतं.

खोक्यावरचं चित्र आणि आतलं विमान

सुरुवातीलाच मी घोळ घातला. इंटरनेटवर "मिग-२१" शोधलं, चित्र छान होतं, किंमत अठराशे रुपये, मागवून टाकलं. डिसेंबरात आई-बाबा हावडा मेलने रायपूरला आले. चहा झाल्यावर लेकीने खोका आबांसमोर ठेवला. बाबांनी चष्मा पुसला, झाकण उघडलं, पारदर्शक प्लास्टिकचा कॉकपिटचा भाग उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "हे आमचं ७७ नाही."

"पण आबा, खोक्यावर मिग-२१ लिहिलंय!"

"मिग-२१ पुष्कळ आहेत, बाळा. हे एमएफ आहे. याची काच कडेला उघडते. आमच्या ७७ ची पुढच्या बाजूला उघडायची, समोरच्या काचेसकट. आणि ही पाठ बघ, केवढी फुगलेली आहे. ७७ सडपातळ होतं. पंखाखाली याला चार खुंट्या आहेत, ७७ ला दोनच."

इथे मला पहिल्यांदा कळलं की मॉडेल बांधणं म्हणजे निम्मं काम चिकटवण्याचं आणि निम्मं शोधण्याचं. मिग-२१ हे एकच विमान नाही, ते मोठं खटलं आहे. भारतीय हवाई दलात ते १९६३ मध्ये आलं, २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये. आवाजापेक्षा वेगवान असं ते आपलं पहिलं लढाऊ विमान. ओझरला आधी बांधलं गेलं ते मिग-२१ एफएल. हवाई दलाच्या भाषेत टाइप ७७. सुरुवातीला रशियाहून आलेले भाग जोडायचे, मग हळूहळू भागही इथेच घडू लागले. त्यानंतर मिग-२१ एम आणि पुढे बिस. आणि एक गंमत आपल्या छत्तीसगडकरांसाठी: सांगाडा ओझरचा असला तरी इंजिन आपल्या शेजारचं. ते बनायचं ओडिशात, कोरापूट जिल्ह्यातल्या सुनाबेड्याला, म्हणजे जगदलपूरच्या पलीकडे. इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादचं. बाबा म्हणतात, "तीन गावांची वरात एकत्र आली की विमान व्हायचं."

पहिला संच कपाटात गेला. दुसरा मागवताना आम्ही तिघांनी मिळून चित्रं मोठी करून बघितली: काच कशी उघडते, पाठ केवढी, पंखाखाली खुंट्या किती. यावेळी बरोबर आला. तेव्हा पहिला धडा लिहून ठेवा. खोक्यावरचं चित्र चित्रकाराने विकण्यासाठी काढलेलं असतं. मागवण्याआधी आतल्या भागांचा फोटो बघा.

सहा फुटांचा एक इंच

आमचा संच १/७२ मापाचा आहे. लेकीने विचारलं, असा विचित्र आकडा का? शंभर का नाही? कारण हे माप इंच-फुटांच्या काळातलं. सहा फूट म्हणजे ७२ इंच. म्हणजे खऱ्या विमानातले सहा फूट मॉडेलमध्ये एक इंच होतात. साधारण एक माणूस एक इंचाचा. ब्रिटनमध्ये १९३६ मध्ये फ्रॉग कंपनीने 'पेंग्विन' नावाने प्लास्टिकचे संच याच मापात आणले. दुसऱ्या महायुद्धात आपलं विमान कुठलं आणि शत्रूचं कुठलं हे सैनिकांना ओळखता यावं म्हणून याच मापाची काळी मॉडेल्स वापरली गेली. अमेरिकेत तर १९४२ मध्ये शाळेतल्या मुलांकडून अशी लाकडी मॉडेल्स करवून घेतली होती.

लेकीने वहीत गणित मांडलं. मिग-२१ च्या पंखांची रुंदी ७.१५ मीटर. भागिले ७२, म्हणजे ९९ मिलिमीटर. जेमतेम दहा सेंटिमीटर! तिची कंपासपेटी त्याहून लांब. खऱ्या विमानाच्या मानानेही ते छोटंच. नाकात हवा घेणारी गोल नळी, मध्ये शंकू, मागे एकच इंजिन, आणि बाजूला त्रिकोणी पंख. बाबा म्हणतात, "इंजिनाला पंख लावले आणि वर माणूस बसवला."

नाकाच्या शंकूत आम्ही शिशाचे छोटे तुकडे भरले. हे करायला विसरू नका, नाहीतर विमान पूर्ण झाल्यावर शेपटीवर बसतं आणि मग काही करता येत नाही.

एक विमान, एक दिवस

अनुभवी मॉडेलकार एक नियम सांगतात: मॉडेल "मिग-२१" चं करू नका, एका दिवशीच्या एका मिग-२१ चं करा. कारण रंग बदलतात, पंखाखाली टांगलेल्या वस्तू बदलतात, क्रमांक बदलतो. आधी दिवस ठरवायचा आणि मग सगळं त्या दिवसाचं.

लेकीला अर्थातच युद्धाचा दिवस हवा होता. तिने दोन शोधले.

पहिला १२ डिसेंबर १९७१. जामनगरहून उडालेल्या ४७ स्क्वाड्रनच्या मिग-२१ मधून फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी कच्छच्या आखातावर पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं. त्या काळी स्टारफायटरचा केवढा दरारा! ते पाडलं तोफेने. एफएलच्या पोटात मुळात तोफ नव्हतीच. फक्त क्षेपणास्त्रं होती. मग पोटाखाली २३ मिलिमीटरच्या जोडनळी तोफेची पेटी टांगण्यात आली. मॉडेलमध्ये ही पेटी लावायची की नाही हे तुम्ही कुठला दिवस निवडला त्यावर ठरतं.

दुसरा दिवस ढाक्याचा. २८ स्क्वाड्रनचे विंग कमांडर बी. के. बिश्नोई चार मिग-२१ घेऊन निघणार, एवढ्यात चिठ्ठी आली की लक्ष्य बदललंय. सर्किट हाउस नाही, गव्हर्नमेंट हाउस. हातात नकाशा कुठला? पर्यटकांसाठीचा! त्यावर इमारत शोधून ते गेले आणि रॉकेटांचा मारा केला. आत गव्हर्नर मलिक यांची बैठक चालू होती. त्याच दिवशी त्यांनी राजीनामा लिहून दिला.

"१६ डिसेंबर," बाबा ठामपणे म्हणाले. "मला चांगलं आठवतंय, आम्ही पेढे वाटले होते."

लेकीने पुस्तक पुढे केलं. "आबा, १६ ला शरणागती झाली. हा हल्ला १४ ला."

बाबांनी दोनदा वाचलं. "बरोबर आहे तुझं. पेढे १६ चे."

हा दुसरा धडा. घरातल्या मोठ्यांना जरूर विचारा. त्यांनी पाहिलेलं पुस्तकात सापडत नाही. पण तारीख पुस्तकातून पडताळा. दोघांचाही मान राहतो.

रंगाचा शोध त्याहून अवघड निघाला. ओझरहून निघताना ही विमानं चांदीसारखी, उघड्या धातूची असायची. १९७१ चं युद्ध जवळ आलं तसं त्यांच्यावर घाईघाईने हिरवे-तपकिरी पट्टे मारले गेले, आणि सगळीकडे एकसारखे नाही. ज्या तळावर जसं जमलं तसं. त्यामुळे एका विमानाचा फोटो बघून दुसऱ्याला रंग देता येत नाही. त्या काळचे बहुतेक फोटो काळे-पांढरे, त्यात हिरवा आणि तपकिरी सारखेच दिसतात. दिल्लीला पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयात किंवा बंगळूरला एचएएलच्या संग्रहालयात गेलात तर खरी विमानं जवळून बघता येतात. पण संग्रहालयातली विमानं मागाहून रंगवलेली असू शकतात. आकार तिथे तपासा, रंग मात्र त्या दिवसाच्या फोटोवरून. आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या रंगीत फोटोंवर तर अजिबात विसंबू नका. हल्ली काळ्या-पांढऱ्या फोटोला रंग यंत्रच देतं, आणि त्याला ओझर माहीत नाही.

लेकीचा प्रश्न

शाळेत जानेवारीत छंदांचं प्रदर्शन होतं. मॉडेलबरोबर पन्नास शब्दांचं कार्ड लावायचं होतं. त्यासाठी लेक माहिती गोळा करत होती. एका संध्याकाळी मी कार्यालयातून आले तर ती टेबलाशी बसली होती आणि तिच्यासमोर बाबा. तिने वहीतून डोकं वर न काढता विचारलं,

"आबा, तुम्ही बांधलेली विमानं पडली का?"

मी दारातच थांबले. हा प्रश्न मी चाळीस वर्षांत विचारला नव्हता. आईनेही नाही.

तिच्या वहीत आकडे होते. २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलेले: हवाई दलात आलेल्या निरनिराळ्या प्रकारच्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गेली. त्यात १७१ वैमानिक गेले.

बाबा बराच वेळ कानस पुसत बसले. मग म्हणाले, "पडली. आमच्या हातची पण पडली असतील. दुपारी कॅन्टीनमध्ये रेडिओवर बातमी लागायची. मिग पडलं म्हटलं की सगळे चमचे थांबायचे. नंबर सांगायचे नाहीत बातमीत. पण ज्याने त्याने मनात नंबर मोजायला सुरुवात केलेली असायची. मी कुठल्या कुठल्या विमानावर सही केली होती ते."

"मग तुमची चूक होती का?"

"माझ्या सहीखाली जे काम होतं ते मी नीट केलं. ते मी कुणासमोरही सांगेन. पण वैमानिकाच्या आईला हे सांगून काय उपयोग?"

मंडळी, यावर मी काही बोलले नाही. रात्री लेक झोपल्यावर मीही वाचायला बसले, कारण तिला उत्तर द्यायचं होतं आणि मला ते माहीत नव्हतं.

अपघातांचं कारण एक नाही. एकच इंजिन, ते बंद पडलं की दुसरा आधार नाही. पक्षी धडकणं. चुका. शिवाय हे विमान उतरतानाही ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात वेगात असतं, सवय नसलेल्या हाताला ते कठीणच. आणि इथेच मला ती गोष्ट सापडली. तरुण वैमानिक संथ विमानांवर शिकून थेट मिग-२१ सारख्या विमानावर येत होते. मधली पायरी नव्हती. ही पायरी हवी, म्हणजे प्रगत प्रशिक्षणासाठी वेगळं जेट विमान हवं, असं १९८२ मध्ये ला फाँटेन समितीने सांगितलं होतं. ते विमान घेण्याचा करार झाला २००४ मध्ये. पहिली विमानं २००८ मध्ये बिदरच्या तळावर दाखल झाली. मधे बावीस वर्षं करारालाच लागली.

त्या बावीस वर्षांतले एक नाव आपल्याकडचं. पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानात मिग-२१ च्या अपघातात गेले. त्यांची आई कविता गाडगीळ गप्प बसल्या नाहीत. मुलाच्या नावावर चूक टाकून विषय संपवू नका, ही विमानं आणि हे प्रशिक्षण तपासा, असं त्या जाहीरपणे मांडत राहिल्या. पुढे आईवडिलांनी पुण्यात जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट काढली, तरुण मुलांना उड्डाणाचं शिक्षण मिळावं म्हणून. आपला मुलगा गेला त्या आकाशाकडे दुसऱ्यांची मुलं तयारीनिशी जावीत, यासाठी. मी आई आहे. ते वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि लेकीच्या खोलीत डोकावून आले.

सकाळी लेकीला हे सगळं सांगितलं. बाबा चहा घेत ऐकत होते. तिने विचारलं, "मग ते मधलं विमान कुठलं घेतलं शेवटी?"

"हॉक."

तिने कप खाली ठेवला. "सूर्यकिरणचं? तलावावर पाहिलं ते?"

हो. सेंध तलावावर आपण ज्याला टाळ्या वाजवल्या, ते हॉक. १९९६ पासून सूर्यकिरण पथक किरण विमानं उडवायचं, नंतर हॉकवर आलं. कसरतीसाठी वापरतात म्हणून आपल्याला ते खेळातलं वाटतं. मुळात ते शिकण्याचं विमान आहे. ते पंचवीस वर्षं आधी आलं असतं तर किती घरं वाचली असती, हे मोजता येत नाही. बाबा एवढंच म्हणाले, "बघितलंस ना? त्याचं इंजिन कसं गोड वाजतं."

चांदीचा रंग

त्या दिवसापर्यंत आमचं ठरलं होतं: १४ डिसेंबर १९७१, ढाका, हिरवे-तपकिरी पट्टे, दोन्ही पंखांखाली रॉकेटच्या पेट्या. प्रत्येक पेटीत सोळा रॉकेटं. त्यांची तोंडं लेकीने सुईने टोकरून ठेवली होती. रंग द्यायच्या आदल्या रात्री ती आबांच्या शेजारी जाऊन बसली.

"आबा, तुम्ही कुठला दिवस निवडला असता?"

बाबांना विचार करावा लागला नाही. "हँगरमधून बाहेर काढतात तो. सकाळी. उन्हात आलं की डोळे दिपायचे. त्याच्यावर काही टांगलेलं नसायचं तेव्हा. नुसतं विमान."

मग तेच ठरलं. रॉकेटच्या पेट्या डबीत गेल्या. चांदीचा रंग दिसायला सोपा, पण सगळ्यात खोडकर. खालचा एकेक ओरखडा दाखवतो. बाबांनी तिला पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल न फिरवता एकाच दिशेने कसा चालवायचा ते दाखवलं. सत्त्याहत्तर वर्षांचा हात आधी थोडा थरथरतो, पण पत्र्यावर टेकला की थांबतो. प्लास्टिकवरही थांबला. आधी काळा रंग, त्यावर चांदी, दोन पातळ हात. शेपटीजवळचे दोन पत्रे किंचित गडद, कारण तिथे इंजिनाची उष्णता असते.

मग आली चिन्हं चिकटवायची पाळी. ही चिन्हं कागदावर छापलेली असतात, कोमट पाण्यात ठेवली की सुटतात. आपल्या हवाई दलाचं वर्तुळ आतून हिरवं, मग पांढरं, बाहेर केशरी. शेपटीवरच्या पट्ट्यात केशरी पुढच्या कडेला येतं. चिकटवताना गडबडीत उलटं लागतं, तेवढं बघा.

शेवटी राहिला क्रमांक. टाइप ७७ चे क्रमांक 'सी' अक्षराने सुरू व्हायचे. संचात चार-पाच क्रमांक होते. लेकीने चिमट्यात कागद धरून विचारलं, "आबा, कुठला लावू?"

बाबा म्हणाले, "नंबर नको."

"पण खऱ्या विमानाला असतो ना? चूक होईल."

"होऊ दे. नंबर लावला की ते कुणाचं तरी विमान होतं. मग त्याचं पुढे काय झालं ते शोधावंसं वाटतं."

एवढ्या अचूकतेच्या आग्रहाने बांधलेल्या मॉडेलमध्ये आमची जाणूनबुजून ठेवलेली ही एकच चूक. प्रदर्शनात कोणी जाणकार आला असता तर त्याने ती पकडली असती. लेक म्हणाली, विचारलं तर सांगेन.

कार्ड तिने स्वतः लिहिलं. शाळेसाठी हिंदीत, घरासाठी मराठीत. मराठीतलं असं आहे:

"मिग-२१ एफएल, टाइप ७७. माप १/७२. बांधणी ओझर, नाशिक. इंजिन कोरापूट. १९७१ च्या युद्धात लढलं. २०१३ मध्ये टाइप ७७ निवृत्त, २०२५ मध्ये सगळी मिग-२१. या विमानाने देश राखला. हे विमान चालवताना शांततेच्या काळातही अनेक वैमानिक गेले. दोन्ही खरं आहे. मॉडेल: मी. तपासणी: आबा."

"तपासणी" या शब्दाखाली तिने एक चौकोन रिकामा सोडला होता. बाबांनी खिशातलं पेन काढलं आणि सही केली. कारखान्यात करायचे तशी, छोटी, तिरकी.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर

बऱ्याच जणी विचारतील, म्हणून थोडक्यात सांगते. पहिला संच १/७२ मापाचा, कमी भागांचा आणि एका इंजिनाच्या विमानाचा घ्या. सुरुवातीला महागडी हत्यारं नकोत. एक चांगला कटर, चिमटा, बारीक कानस, दोन नंबरचे पॉलिश पेपर, प्लास्टिकसाठीचं सिमेंट आणि दोन ब्रश पुरेत. भाग चौकटीतून हाताने तोडू नका, कापा. चिकटवण्याआधी नुसता जोडून बघा. गोंद कमी लावा, कारण जास्त लावला तर प्लास्टिक विरघळतं. एका दिवशी एकच जोड, आणि तो वाळेपर्यंत हात लावायचा नाही. मुलांना सगळ्यात कठीण हेच जातं, आणि सगळ्यात उपयोगी पण हेच.

खिडकी उघडी ठेवा. गोंदाचा आणि रंगाचा वास कोंडू देऊ नका. पॉलिश करताना पाण्यात भिजवून करा, म्हणजे भुकटी नाकात जात नाही. दहा वर्षांखालच्या मुलांच्या हातात पातं देऊ नका, त्यांना रंग आणि चिन्हं द्या. आणि घरात एखादे काका, मामा, आजोबा कारखान्यात, रेल्वेत, सैन्यात होते का ते आठवा. ज्या यंत्राशी त्यांचा हात लागला होता तेच मॉडेल निवडा. विमानच हवं असं नाही. रेल्वेचं इंजिन, ट्रॅक्टर, जहाज, काहीही. मोठी माणसं समोर बसवून विचारलं तर बोलत नाहीत. हातात कानस दिली की बोलतात.

बाबा-आई मागच्या आठवड्यात नाशिकला परत गेले. विमान इथेच आहे, पुस्तकांच्या कपाटात, काचेमागे. सकाळी नऊच्या सुमाराला त्या काचेवर ऊन येतं.

पहिला एमएफचा संच अजून कपाटात आहे. आबांनी फोनवर बजावलंय की उन्हाळ्याच्या सुट्टीत ओझरला घेऊन ये. लेकीच्या डोक्यात मात्र आणखी मोठं काही आहे. तिला कुठेतरी सापडलंय की जुलै १९४५ मध्ये ब्रिटिश हवाई दलाची २९८ क्रमांकाची स्क्वाड्रन हॅलिफॅक्स विमानं घेऊन आपल्या रायपूरला आली होती. हॅलिफॅक्स चार इंजिनांचं असतं.

म्हणजे आता उरलेलं अर्धं टेबलही गेलं. जेवायला आम्ही जमिनीवर बसायची सवय करतोय.